आत्याबाईंचा कुटलेला विडा

मी लग्न होऊन शिरड शहापूरला आले तेव्हा मुलखात निजामाचं राज्य होतं आणि घरात सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाईंना दिवसाला दहा-बारा विडे लागायचे, तंबाखू घालून. दाढा पडलेल्या, म्हणून विडा खलबत्त्यात कुटून द्यायचा. ते काम नव्या सुनेचं. चुना जरा जास्त पडला की माझ्या माहेरचा उद्धार व्हायचा. मीही काही गरीब गाय नव्हते. मनातल्या मनात उत्तर द्यायची आणि बत्ता जोरात आपटायची. त्यानं विडा बारीक व्हायचा आणि आत्याबाई खूश व्हायच्या. असा सगळा उलटा कारभार.

चौथ्या वर्षी त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. तिखट सोसेना. आमच्याकडे तोंड आलं की कात लावतात. आत्याबाई म्हणाल्या, विड्यात कात वाढव. मी वाढवला. तंबाखूनं दुखणं बधिर होतं, म्हणून तीही वाढवली. औषध जागेवर बसावं म्हणून त्या विडा नेमका त्याच गालात धरायच्या, दुपारी झोपतानासुद्धा. वर्षभर आम्ही दोघींनी हे औषध मन लावून केलं. आमचं कधी कशात पटलं नाही, ते या एका कामात पटलं.

पुढं तोंडच उघडेना. भाकरी बंद झाली, मग दुधातला कुस्करा बंद झाला, राहिली नुसती आंबील. विडा मात्र बोटानं आत सरकवता यायचा. शेवटी आमच्या मालकांनी गाडी जुंपली आणि आम्ही त्यांना वसमतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाल चाचपला आणि मालकांशी उर्दूत बराच वेळ बोलले. मालक उर्दू शाळेत शिकलेले. मला त्यातलं पान तेवढं समजलं. सरतान असंही काहीतरी म्हणाले, ते म्हणजे कॅन्सर हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. परत येताना मालक म्हणाले, पान-तंबाखूनं झालंय, आजपासून बंद.

बंद म्हणजे बंद. खलबत्ता मी कणगीमागं दडवला. आत्याबाईंनी शिव्या दिल्या, आंबील नको म्हणून तोंड फिरवलं, शेजारणीकडून विडा मागवला. शेजारणीला मी दारातूनच वाटेला लावलं. इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं, आता माझा हुकूम चालत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. पण त्या बऱ्या व्हाव्यात असंही जिवापासून वाटत होतं. एकदा त्यांनी माझा हात धरला.

"माय, एकच दे," म्हणाल्या.

मला त्या पहिल्यांदाच माय म्हणाल्या. तरी मी न्हाई म्हटलं. सवय मोडा, मग बऱ्या व्हाल, असं समजावलं.

दोन महिन्यांनी गालाला बाहेरून भोक पडलं. मालक गोठ्यात वैरण टाकत होते. मी जाऊन म्हटलं, पान सोडूनही गुण येत नाही, दुसरा डॉक्टर बघू. ते वैरण टाकतच राहिले.

"डॉक्टरनं तवाच सांगितलं व्हतं," म्हणाले. "आता इलाज न्हाई. मागंल ते द्या म्हणले."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, बंद केलं तर बरी व्हईल."

त्या माणसाचा मला इतका संताप आला की तिथं उभं राहवेना. खलबत्ता काढला, विडा पार गंधासारखा कुटला आणि बोटावर घेऊन आत्याबाईंपाशी बसले. वास गेला तसे त्यांनी डोळे उघडले. त्यांचं बोलणं तेव्हा फक्त मलाच कळायचं.

"आता न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "मोडली सवय. आता बरी व्हईन ना मी?"

मी व्हय म्हटलं.