चिंचेनं घासलेल्या रायफली

आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात शस्त्रं ठेवायच्या खोलीला 'कोत' म्हणतात. नाव दणदणीत, आत चार रायफली, तेलाचा डबा आणि चिंध्या. रायफली पॉइंट टू-टूच्या. यांच्या काडतुसाला ठोका मध्यावर बसत नाही, बुडाच्या कडेवर बसतो. आवाज फटाक्याएवढा, धक्का जवळजवळ नाहीच. शिकणाऱ्यासाठी याहून सभ्य हत्यार नाही. मी इथे इतिहास शिकवतो आणि नेमबाजीची तुकडी सांभाळतो. दुसरं काम कुणी घेईना, म्हणून माझ्याकडे आलं.

मी याच कॉलेजात शिकत होतो तेव्हा हातात आलेली पहिली रायफल निळी होती. आकाशासारखी नव्हे, पिकल्या जांभळाच्या सालीवर ऊन पडलं की दिसते तशी. माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. आमच्या घरात लोखंड म्हणजे विळा आणि खुरपं, एक तर तांबडं नाही तर घासून पांढरं. लोखंड निळंही असतं हे मला तिथे कळलं. फौजेतून निवृत्त झालेले आमचे उस्ताद म्हणायचे, "ये रंग नहीं, जंग है बेटा. सलीके से चढ़ाया हुआ जंग." नळी मुद्दाम गंजवायची, उकळायची, घासायची, परत गंजवायची, तेव्हा कुठे पोलादावर ती निळी साय धरते.

त्यानंतर कॉलेजात आलेली रायफल पाटीसारखी राखाडी आणि हाताला खरखरीत. तिच्यावर फॉस्फेटचा थर. दिसायला दरिद्री, पण तेल धरून ठेवायची. त्यापुढची आली तिला सरळ काळा रंग फासलेला, खिडकीच्या गजांना असतो तसा. टवके उडाले की आतलं पोलाद डोकावायचं. आता स्पर्धांना मोठ्या शहरांतली मुलं जी यंत्रं घेऊन येतात त्यांच्या नळीवर मिट्ट काळा थर असतो, त्याला बोटाचा ठसाही लागत नाही. बाकीचे भाग लाल-निळ्या ॲल्युमिनियमचे, मोटारसायकलीसारखे. मला ते आवडत नाहीत, पण माझी आवड हा काही पुरावा नाही. एवढ्या वर्षांत रंगाचं सगळं बदललं. नळी उन्हात चमकू द्यायची नाही, हे मात्र कुणी बदललं नाही.

आमच्या प्राचार्यांनी बदललं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा ठरली. मैदानाच्या टोकाला गोळ्या झेलायची नवी भिंत बांधली होती, तिचं उद्घाटनही त्याच मांडवात. भिंतीपेक्षा नावांची फरशी मोठी. पाहुणे हैदराबादहून येणार होते. मी परीक्षेच्या कामावर बासरला होतो. पूजेच्या आदल्या संध्याकाळी परत आलो तेव्हा व्हरांड्यात शिपाई आणि दोन विद्यार्थी बसलेले, पुढ्यात चिंचेचा कोळ, मीठ, राख आणि माझ्या रायफली.

"सर, किती मळ व्हता हो!" शिपाई खुशीत म्हणाला. "दुपारपासून घासून राह्यलो, तवा कुठं पांढऱ्या पडल्या."

"कोणी सांगितलं?"

"साहेबांनी. म्हनले, देवाच्या भांड्यावानी झाल्या पायजे. ह्या एकीचा मळ मात्र निघूनच नाही राह्यला."

ती रंग फासलेली रायफल होती. कोतीतली सर्वांत कुरूप, आणि नळी आतून झिजलेली. वाचली ती तीच. निळ्या दोन आणि राखाडी एक, तिघी स्टीलच्या ताटांसारख्या लखलखत होत्या. शिपायाला मी काय बोलणार? सणाच्या आधी घरातल्या तांब्याचा काळेपणा चिंचेनं जातो, हे आमच्याकडे चालता येऊ लागल्यावर लगेच कळतं. काळं आहे ते घाण आहे, हेही त्याबरोबरच.

प्राचार्य मूळचे तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलतात. मी त्यांना गंजाचा सगळा इतिहास ऐकवला. ते म्हणाले, "सारजी, आप हर चीज़ में हिस्ट्री लाते हो. देखो, मुँह दिखता है इसमें!" दिसत होतं खरं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनाही त्यांचं दिसलं, आणि त्यांनी भाषणात 'तेजस्वी शस्त्रं' असा दोनदा उल्लेख केला. नळ्यांवर हळदकुंकू, वर नारळाचं पाणी. टाळ्या.

रडायची वेळ आली ती सरावाच्या दिवशी. तुकडीतली एकच मुलगी निवडीला जाण्यासारखी होती. तलमडुगूकडची, घरी कापूस आणि ज्वारी. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर हैदराबादच्या क्रीडा वसतिगृहात जागा, शिक्षक आणि हाताला रायफल. नाही झाली तर माझी कोत. चाचणी दोन आठवड्यांवर होती. तिने खांद्याला रायफल लावली आणि खाली ठेवली.

"सर, माशी दिसूनच नाही राह्यली. नुसतं पाणी पाणी दिसते."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा. तो काळाच लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो दिव्यासारखा पेटला होता.

निळी साय परत चढवून घ्यायला नागपूरच्या बंदूकवाल्याला फोन केला. "ब्लूइंग कोण करतं आता, साहेब? आणा, स्प्रे मारून देतो." आणायची तर राज्याची हद्द ओलांडायची परवानगी, आणि ती मिळेपर्यंत पुढचा दसरा. इचोड्याच्या गॅरेजमधून काळ्या रंगाचा डबा आणला. तेलकट पोलादावर तो धरेना, आणि ज्या खाचेतून माशी पाहायची त्या मागच्या खाचेत मात्र घट्ट बसला. तो खरवडून काढण्यात एक सराव गेला. दरम्यान उघड्या पडलेल्या नळ्यांवर, सलीका नसलेला, साधा तांबडा गंज येऊ लागला.

शेवटी मी एरंडेलाचा दिवा लावला आणि, घरी काजळ पाडतात तशी, माशीवर काजळी धरली. जमलं. गोळ्या पुन्हा एका रुपयाएवढ्या जागेत जाऊ लागल्या. ती म्हणाली, "सर, रायफलीले तीट लावली आपण." त्या दोन आठवड्यांतलं आमचं हसणं एवढंच.

चाचणीला हैदराबादेत आम्ही मैदानाबाहेर झाडाखाली काजळी धरली आणि रायफल तपासणीला नेली. तपासणीस सज्जन गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिले, नळीतून पाहिलं, आणि माशीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. "इतनी अच्छी चमकती रायफल, और सामने इतनी गंदगी?" असं म्हणत त्यांनी खिशातल्या रुमालाने, अगदी मायेने, ती स्वच्छ पुसून दिली. मी ओरडेपर्यंत झालं होतं. पुन्हा दिवा लावायला परवानगी नाही, आत दारूगोळा. बाहेर जायला वेळ नाही. नाव पुकारलं होतं.

गोळी चालवणाऱ्यांच्या डोक्यावर पत्रा होता, पण नळीचं टोक उन्हात. नेमाचे पहिले कागद चाळणीसारखे आले. मग ऊन पत्र्याआड सरकलं आणि उरलेले कागद तिने असे मारले की शेजारची मुलं वळून पाहू लागली. बेरीज मात्र सगळ्या कागदांची होते, आणि निवडीच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

मी निवड करणाऱ्यांकडे ते शेवटचे कागद घेऊन गेलो. त्यांनी ते नीट पाहिले, चांगले आहेत म्हणाले, आणि विचारलं, "पर आपने रायफल को ऐसा किया क्यों?" सांगायला सुरुवात केली, आणि चिंचेपाशी आल्यावर थांबलो.

परत आल्यावर प्राचार्यांनी तिला बोलावलं. दिवाणखान्यासारख्या त्यांच्या खोलीत लावायला तिचा चमकत्या रायफलीसह फोटो हवा होता, पुढच्या तुकड्यांना प्रेरणा म्हणून.

"रायफलीचा काढा," ती म्हणाली. "ती चांगली दिसते. मले राहू द्या."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोटो रायफलीचाच निघाला.