सबनीस बाईंचा कूलर

सबनीस बाई प्रयोगशाळेत आल्या की आधी कूलरच्या गवताला हात लावत. ते कोरडं लागलं की मगच "काय गं, जिवंत आहेस का?" अशी माझी विचारपूस होई. हा क्रम कधी चुकला नाही. जयपूरचा मे महिना, मालवीय नगरातल्या आमच्या कॉलेजचा सगळ्यात वरचा मजला आणि कूलरला बंदी! थंड हवा हवी असेल त्यांनी बँकेत नोकरी धरावी, असं बाईंचं मत होतं. माझे वडील बदली होऊन इथे आले ते बँकेतच, त्यामुळे टोमणा थेट घरपोच.

बंदीला कारण होतं. आम्ही लघुग्रहांचा अभ्यास करायचो, तोही जयपूर न सोडता. सूर्यमाला घडली तेव्हापासून फारसे न बदललेले, कोळशासारखे काळे लघुग्रह. त्यांच्यावरून येणारा अवरक्त प्रकाश मोठ्या दुर्बिणींनी मोजलेला असतो. खनिजांत पाणी असेल तर त्या वर्णपटात ठरावीक जागी खळगा पडतो. आम्ही इथे उल्कापाषाणाची पूड करून तिचा वर्णपट घ्यायचा आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. पण ही पूड मोठी हावरट. हवेतली ओल पिते आणि तसाच खळगा दाखवते. म्हणून ती भट्टीत सुकवायची, डबीत घट्ट बंद करायची आणि माणसांनी घामात भिजायचं. "पूड ओली झाली तर वाया जाते. तुझं काय, तुला पुसता येतं," बाई म्हणत.

माझं मराठी जयपुरात वाढलेलं. एकदा म्हटलं, "मतलब बाई, आलेख ठीकच आलाय ना?"

"ठीक भाजी होते. आलेख बरोबर असतो नाहीतर चूक. पुन्हा मोज."

'पुन्हा मोज' हा त्यांचा आशीर्वाद होता. दुसरा कधी मिळाला नाही.

एका उन्हाळ्यात मात्र आमच्या पुडीचा खळगा लघुग्रहाच्या खळग्यावर तंतोतंत बसला. तीच पूड पुन्हा मोजली, पुन्हा तसाच. बाई आलेख घेऊन खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "बरा आहे." त्या दिवशी मी घरी पेढे नेले. लेख गेला, स्वीकारलाही गेला. बाईंचा निवृत्तीआधीचा शेवटचा लेख, आणि माझी पीएच.डी. त्याच्याच जिवावर.

दिवाळीच्या साफसफाईत आमचे शिपाई भंवरजी कूलर पुसताना सहज बोलले, "मैडमजी ने बस एक ही बार चलवाया इसको. मई में, जब आप टेबल पर सो गई थीं."

ती दुपार मला आठवत होती. जाग आली तेव्हा कूलर बंदच होता, पण समोरची डबी उघडी होती. मी गुपचूप झाकण लावलं होतं आणि संध्याकाळी तीच पूड मोजली होती; तंतोतंत बसलेला खळगा तिचाच. पुढचे दोन दिवस मी तोंड शिवून बसले, एवढी शहाणी होते. तिसऱ्या दिवशी बाईंसमोर सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. "डबी उघडी होती?"

"हो."

"मग ते पाणी लघुग्रहाचं नव्हे, बिसलपूर धरणाचं. ते जयपूरच्या नळाला येतं. त्यासाठी आकाशात बघायची गरज नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "झाकण लावलेलं असेल असं मी धरून चालले. दुसऱ्यांना पुन्हा मोजायला लावणारी बाई!"

तिथेच बसून त्यांनी लेख मागे घेण्याचं पत्र लिहिलं. कारण : मार्गदर्शकाने नमुन्याजवळ कूलर लावला.

"बाई, झाकण मी विसरले. ते लिहा ना."

"चूक नेहमी निघालेल्या माणसाच्या नावावर घालावी. तुला अजून नोकरी मागायचीय."

"पण तुम्ही कूलर लावलात कशाला?"

"घोरत होतीस. त्यापेक्षा कूलरचा आवाज बरा."

निवृत्तीनंतर वर्षभर बाई रोज येत राहिल्या, कोणी बोलावलेलं नसताना. पुठ्ठ्याने वारा घेत माझ्या उरावर बसत. पूड नव्याने सुकवून मोजली तेव्हा खरा खळगा अगदी उथळ निघाला, त्या लघुग्रहाशी जुळला नाही. मी प्रबंधात तेच लिहिलं आणि त्यावर पदवीही मिळाली.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. मी प्रयोगशाळेतच रडले, आणि त्या काय म्हणाल्या असत्या तेही ऐकू आलं : "लांब जाऊन रड, नमुना ओला होईल."

आता कूलरच्या गवताला मी हात लावते. या मे महिन्यात माझी एक विद्यार्थिनी टेबलावर डोकं टेकून झोपली. मी आधी तिच्या डबीचं झाकण घट्ट लावलं. मग भंवरजींना हळूच म्हटलं, "भंवरजी, कूलर में पानी भर दीजिए."