कुमुदचं थांबणं

दीड महिना होत आला. लक्ष्मी तालाच्या काठी, देवळाबाहेर मी चपला शोधत होते, तेवढ्यात कुमुदच्या शेजारणीचा फोन आला. "दीदी, जल्दी आ जाइए. कुमुदजी नहीं रहीं." एक चप्पल सापडली होती. दुसरीचं भान कुणाला राहिलं!

आमच्या झाशीच्या गणेशोत्सवातल्या मराठी नाटकांची कुमुद नायिका आणि मी तिची प्रॉम्प्टर. पुढे ती हिंदी रंगभूमीवर गेली, मालिकांमध्ये सगळ्यांची आई झाली, तरी गणपतीतल्या नाटकाला यायचीच. तिचा एक हट्ट होता. समोरचा नट वाक्य विसरला की बाकीचे काहीतरी बोलून सावरून घेत. ही चकार शब्द काढायची नाही. त्याच्याकडे बघत नुसती उभी. विंगेत माझा जीव टांगणीला... आणि त्याला आठवायचंच. "ज्याचं वाक्य त्यानंच बोलावं," वर हे मलाच ऐकवायची.

तोच हट्ट तिनं घरीही चालवला. नवरा लवकर गेला. हिच्या दौऱ्यांपायी लेक रेवा अर्धीअधिक माझ्याकडेच वाढली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच. लग्नानंतर एकदा भडकून म्हणाली, "आप सबकी माँ बनीं मम्मी, बस मेरी नहीं," आणि भोपाळला गेली ती गेलीच.

"अगं बाई, एक फोन कर तिला," मी किती डोकं फोडलं!

"तिचं खरंच आहे गं. पण आता बोलायचं तिनं. मी थांबलेय."

शेवटच्या आजारपणात दुपारभर जुनं आठवत बसायची. "खूप कामं केली, टाळ्या घेतल्या... रेवाचा पहिला दात कधी पडला, ते मात्र तुला विचारावं लागतं." मग वेताच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून गप्प. मला अजून तिचा राग येतो. इतकं कुणी थांबतं का?

आणि रेवा? "मौसी, मुझे लगता रहा, मम्मी ही फ़ोन करेंगी," तेराव्याला माझ्या गळ्यात पडून ती रडली.

परवा कुमुदच्या लक्ष्मी गेटजवळच्या घरी आम्ही दोघी तिचं सामान आवरत होतो. मी चहा घेऊन आले, तर रेवा त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलेली.

"आई, मी आली," ती म्हणाली. मोडक्यातोडक्या मराठीत, पहिल्यांदाच. "तू जेवली का?"

आणि खुर्चीकडे बघत थांबली...

मी दाराआड उभी होते, विंगेत उभी राहायचे तशी. पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं.