काट्यावरचे हवालदार आणि माझा ब्रश

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण हा गाढवपणा सांगताना अजून माझी मान खाली जाते!

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. विंडोजचे प्रोग्रॅम लिहायला नुकताच शिकलो होतो. मग काय, सांगलीत माझ्याइतका शहाणा मीच! एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याला प्रोग्रॅम करून दिला. उसाची गाडी काट्यावर आली की पडद्यावर वजनाचा चौकोन हिरवागार व्हायचा. काय रुबाब त्याचा!

पण रोज दुपारी कॉम्प्युटर ठप्प. बाहेर ट्रॅक्टरांची ही रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या. मी जाऊन बंद करून चालू केला, तर झकास! म्हणजे दोष कुणाचा? काट्यावर बसणाऱ्या तात्या हवालदारांचा. फौजेतून रिटायर झालेला सरळ माणूस. मी मॅनेजरसमोर ठणकावलं, "हे कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, म्हणून अडकतो!"

"आवं, मी पत्त्याला शिवलोबी न्हाई!" तात्या कळवळून म्हणाले. ऐकतोय कोण? मॅनेजरने त्यांना उचलून गेटवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी खुंटा हलवून बळकट करायला काट्यावर मीच बसलो. आणि दुपारी? ठप्प! ट्रॅक्टरवाले माझ्या खिडकीशी.

गडबड ऐकून तात्या गेटवरून आले. "साहेब, पंचेचाळीसेक गाड्या झाल्या असत्याल. रोज तेवढ्यालाच अडतंय. दर गाडीला तुमचं यंत्र करतंय काय?"

"विशेष काही नाही. वजनाचा आकडा हलेल तसा चौकोन रंगवायला दर वेळी मेमरीतून नवा ब्रश घेतं."

"आन् जमा कवा करतंय?"

"जमा?"

"व्हय! पलटणीत मी कोत, म्हंजी हत्यारांची खोली, सांभाळायचो. रायफल दिली की परत घ्यायची. नुसत्या देतच ऱ्हायलं, तर कोत रिकामा हुईल की!"

काय सांगू! 'मेमरी लीक' म्हणजे घेतलेली मेमरी परत न देणं, हे मी महिनाभर इंग्रजी पुस्तकात घोकलं होतं, आणि माझ्याच प्रोग्रॅममधली ती सापडली तात्यांना! घेतलेला ब्रश माझ्या प्रोग्रॅमने कधी परत ठेवलाच नव्हता. एक ओळ घातली, आणि गाड्या धडाधड सुटायला लागल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून म्हणालो, "तात्या, चुकलो. मॅनेजरना आत्ताच जाऊन सांगतो."

"सांगा की. पन येक इचारू? आमच्यात रायफल जमा न्हाई केली, तर घेणाऱ्याला कोंडत्यात. तुमच्यात काय करत्यात?"

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "आमच्यात, तात्या, दुसऱ्याला गेटवर बसवतात."