दोन डाव्या बाह्या

आमचे मास्तर उपाशी असले की त्यांना काही विचारू नये. दुकानात काज-बटण करणारी मी, मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. जेवलेले मास्तर देवमाणूस. उपाशी मास्तर गिऱ्हाइकालाही खांदे सरळ नाहीत म्हणून झापणार.

त्यात त्यांनी स्वतःच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला इथे शिवायला आणलं. मेहुण्याच्या हाताला अशी सफाई, की गिऱ्हाइकं त्याचंच नाव काढू लागली. मास्तर जळायचे, आणि बिचाऱ्यांना ते लपवताही यायचं नाही. कोणी मेहुण्याचं कौतुक केलं की हे कात्रीला धार लावत बसायचे.

शेठ नवं दुकान काढणार होते. तिथलं कापायचं टेबल, म्हणजे मुख्य कारागिराची जागा, दोघांपैकी एकालाच मिळणार होती. नेमक्या त्याच दिवसांत एक बाई भारी लोकरी कापड घेऊन आल्या आणि कोट मेहुण्यानेच कापावा म्हणाल्या. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. दुपारी बहिणीने पाठवलेला डबा त्यांनी बाजूला सारला.

"भूक नाही मला."

"मास्तर, अन्नावर कशाला राग?"

"तू बटणं लाव."

कोटाचं अंग कापून मेहुणा हात धुवायला गेला. तेवढ्यात मास्तरांनी उरलेलं कापड पसरलं, एक बाही कापली, आणि नमुन्याचा कागद न उलटवता तसाच ठेवून दुसरीही कापली. दोन्ही बाह्या डाव्या. लोकरीला सुलटी बाजू एकच, त्यामुळे फिरवून लावायचीही सोय नाही. कापडही पुरतं संपलेलं.

शेठ तणतणत आले. "कोणी कापलं हे?"

"मी," परत आलेला मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी कात्रीला धार लावायला घेतली. शेठ म्हणाले, "मग टेबल मास्तरांचंच."

शेठ आत गेल्यावर मास्तरांनी डबा ओढला आणि खाली मान घालून अख्खा संपवला. मग हात धुतले, आत गेले. "बाह्या मी कापल्या," एवढंच मला ऐकू आलं. टेबल मेहुण्याला मिळालं.

बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

"भूक गेली," मास्तर म्हणाले. मग मेहुण्याकडे बघत हळूच, "पण खोटं बोलायचंसुद्धा त्यालाच आधी सुचलं गं. पोटात दुखतंय ते दुखतंयच."