तीस सेकंदांचा देव

१२ मे २००१, शनिवार. सकाळी मी गॅसवर कुरडयांचा चीक ढवळत होते. हात थांबला की गुठळ्या होतात, आणि मला बाराच्या आत संग्रहालयात पोहोचायचं होतं. शेवटी लाकडी दांडका नवऱ्याच्या हातात दिला.

"किती वेळ ढवळायचं?"

"हात दुखेपर्यंत."

"मग झालंच," ते म्हणाले. त्या वर्षी कुरडया झाल्या नाहीत.

पिंपळगाव बसवंतच्या एका शाळेत मी सहा वर्षं चित्रकला शिकवत होते, तात्पुरती. आता ती जागा कायमची भरायची होती. दुसऱ्या उमेदवाराकडे संगणकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. माझ्याकडे मुलांनी काढलेल्या चित्रांचे सहा गठ्ठे होते, पण गठ्ठे फाइलला लावता येत नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले होते, "मॅडम, काहीतरी नवीन शिकल्याचा कागद आणा. सोमवारी अकराच्या आत."

म्हणून मी नाशिकमधल्या एका लहानशा संग्रहालयातल्या अ‍ॅनिमेशनच्या कार्यशाळेत नाव घातलं. गुरुवार ते रविवार. मातीच्या वस्तूला हलवून तीस सेकंदांची फिल्म करायची. ती रविवारी पाच वाजता सगळ्यांसमोर दाखवायची, तर प्रमाणपत्र. नाहीतर नुसता चहा.

शिकवायला मुंबईहून एक चित्रकार आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी दीड तास व्याख्यान दिलं आणि पडद्यावर एक रिकामी खुर्ची दाखवली. खुर्ची वाट बघते आहे, असं ते म्हणाले. मी वहीत तीन वाक्यं लिहिली: सेकंदाला बारा चित्रं. प्रत्येक चित्रात वस्तू थोडीशीच सरकवायची. मध्ये कशालाही धक्का लावायचा नाही. बाकी सगळं खुर्चीबद्दल होतं.

संगणकाला जोडलेला कॅमेरा एकच, त्यामुळे पाळ्या होत्या. माझी पाळी शनिवारी बारा ते रविवारी बारा. उजेड फक्त मागच्या व्हरांड्यात बरा होता. तिथे भिंतीला टेकून शेतांत, विहिरींत सापडलेल्या जुन्या दगडी मूर्ती ठेवलेल्या होत्या, कुणाला नाक नाही, कुणाला हात नाहीत. मी त्यांच्या रांगेच्या टोकाला स्टूल मांडलं.

मातीचे रंग इतरांनी आधीच पळवले होते. उरला होता नारिंगी. मी दोन मुठींएवढा गोळा केला आणि डोळे म्हणून दोन मिऱ्या खोचल्या. हा गोळा डोळे मिचकावणार, आळस देणार आणि त्याचं मांजर होणार, अशी माझी गोष्ट. शनिवारी संध्याकाळपर्यंत डोळे मिचकावून झाले. एकशे वीस चित्रं, म्हणजे दहा सेकंद. गोळ्याभोवती खडूने खूण केली, 'हात लावू नये' अशी पाटी लावली आणि घरी गेले.

रविवारी आठ वाजता येऊन बघते, तर गोळ्यासमोर जास्वंद, कपाळावर कुंकू आणि डोक्यावरून तेलाचा ओघळ.

त्या व्हरांड्यातल्या प्रत्येक मूर्तीला तिथले वॉचमनकाका रोज सकाळी एकेक फूल वाहत. संग्रहालयाच्या साहेबांनी दोनदा मनाई केली होती. मी त्यांना गाठलं.

"काका, ही माती आहे. मांजर व्हायचंय तिचं."

"मला काय माहीत? रांगेत बसले होते."

"पाटी नाही वाचलीत?"

"हात कुठे लावला? तेल वरून सोडलं."

फूल काढलं, तेल पुसलं. कुंकू मात्र मातीत मुरलं होतं. ते मी ब्लेडने खरवडायला घेतलं आणि त्याच वेळी देवळा तालुक्यातली दहा-बारा माणसं व्हरांड्यात शिरली. पंचवटीतलं दर्शन उरकलं होतं, टेम्पो संध्याकाळी सुटायचा होता, तोवर सावलीला म्हणून आली होती. त्यांच्यातल्या एका म्हातारीने चपला कडेला काढल्या आणि वॉचमनकाकांना अहिराणीत विचारलं, "हाऊ कोणता देव शे?"

काकांनी नुसते हात जोडले. हा त्यांचा दुसरा गुन्हा.

मग ती माझ्याकडे वळली. माझ्याशी ती शहरातलं बोलू लागली. "अहो बाई, देवाचं कपाळ काय खरवडताय?"

"आजी, हा देव नाही. मातीचा गोळा आहे."

"देव मातीचाच असतो."

"काल दुपारी मी केलाय हा!"

"मग तुम्हीच पाया नका पडू. आम्हाला पडू द्या."

तिने पिशवीतून नारळ काढून स्टुलावर ठेवला, बरोब्बर कॅमेऱ्यासमोर. मागच्यांनी झेंडू काढले. मी गोळ्याचा कान ओढायला बोट पुढे केलं, तर एक फेटेवाले गृहस्थ दरडावून म्हणाले, "ओ ताई! देवाला चेंगरू नका!"

साडेआठ झाले होते. वीस सेकंद बाकी, म्हणजे दोनशे चाळीस चित्रं. ही मंडळी मांजर होऊ देत नव्हती आणि जागची हलतही नव्हती. मी सहा वर्षं पन्नास पन्नास पोरांचे वर्ग सांभाळले होते. टाळी वाजवली.

"दर्शन सगळ्यांना मिळेल. पण मी सांगेन तसंच. नारळ आधी स्टुलाच्या कडेला. प्रत्येकाने तो बोटभर पुढे सरकवायचा, हात मागे घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. मी बटण दाबलं की पुढचा माणूस."

इतके शहाणे विद्यार्थी मला आजवर मिळालेले नाहीत. रांगेत पुढे सरकायची सवय त्यांना माझ्या कार्यशाळेच्या कितीतरी आधीपासून होती. नारळ पोहोचला. मग झेंडू एकेक करून निघाले. चपला फरशीवरून ओळीने आणवल्या, त्याही बोटबोट. त्यासाठी कॅमेरा खाली कलवावा लागला. म्हातारी माझी मॉनिटर झाली. "ए, सावली पडतेय तुझी, मागं सर! बाईंचं काम चाललंय!"

पावणेबाराला वॉचमनकाकांनी न विचारता नारळ फोडला. एका चित्रात नारळ, पुढच्यात वाटीभर तुकडे. नवीन नारळ कुठून आणणार? तसंच पुढे नेलं. तीनशे साठावं चित्र प्रसाद संपल्याचं आहे.

पाच वाजता फिल्म लागली. आपण दिसणार म्हणून टेम्पो थांबवून ती सगळी मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर माणूस एकही नव्हता, नुसत्या चपला चालत आल्या, नारळ सरपटत आला. म्हातारी म्हणाली, "त्या माझ्या!" मग सगळ्यांनी पडद्याला हात जोडले.

चित्रकार उठले आणि बराच वेळ बोलले. श्रद्धा, काळ, अनुपस्थिती. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पण अट मातीची होती. तुमची माती दहा सेकंद हलली. पुढे वीस सेकंद नुसती बसून आहे. प्रमाणपत्र कसं देऊ?"

ते खरं बोलत होते. सोमवारचे अकरा मला तिथे बसल्या जागी दिसू लागले.

म्हातारी उभी राहिली. "देव कशाला हालंल? हाललो आम्ही. सकाळपासून हाललो. पाय बघा माझे." आणि तिने सुजलेला पाय खरोखरच पुढे केला. मागून फेटेवाले म्हणाले, "द्या की साहेब, टेम्पोवाला ओरडतोय."

चित्रकारांनी पायाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि सही केली.

सोमवारी सकाळी सातच्या एसटीने मी पिंपळगावला गेले. सुट्टी असली तरी शाळेचं ऑफिस उघडं होतं. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "संगणकावरच केलंत ना?"

"हो," म्हटलं. "बटण मीच दाबत होते."

कागद फाइलला लागेपर्यंत मी टेबलाशी उभी राहिले. झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारून घेतला आणि साडेनऊच्या गाडीने परत आले.