पंख्यात अडकलेली हळद

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही.

आमचा सांगलीतला घरचा कॉम्प्युटर आठवडाभर मधेच बंद पडत होता. आज वैतागून सीपीयू उघडला, तर आतला पंखा हळदीच्या धुळीनं गच्च! आमची हळदीची गिरणी घराला लागूनच आहे. पंखा फिरेना, म्हणून मशीन तापून बंद व्हायचं.

ब्रशनं धूळ झाडताना गिरणीतून वडिलांचा खोकला ऐकू आला. कितीतरी महिने चाललाय. त्यांना बोलावून पंखा दाखवला.

"दादा, आज डॉक्टरकडं चला."

"आगं, हळद हाय ती. औषध असतंय. तिनं कुनाला काय हुतंय?"

मी दिलेला मास्क खिशात घालून ते परत गिरणीत गेले.

सोसेना झालं की कॉम्प्युटर निदान बंद तरी पडतो. दादांचं काय करू, सांगा.